कडेवरचं माथेरान

दस्तुरी नाक्याच्या वाहनतळातून बाहेर पडताना सहा वर्षांच्या मुलीचं मनगट आईच्या मुठीत घट्ट होतं. हात निसटतो, मनगट निसटत नाही. शहरात मुलांना घेऊन रस्त्याकडेनं चालणाऱ्या प्रत्येक आईला हे ठाऊक असतं. नगरपरिषदेच्या खिडकीवर प्रवेशकराच्या पावत्या झाल्या, घोडेवाल्यांच्या आणि हमालांच्या घोळक्यातून वाट काढून मंडळी तांबड्या रस्त्याला लागली. थोडं अंतर गेल्यावर आईच्या लक्षात आलं, की मागून काही येत नाहीये. येणारही नाहीये. तिनं मूठ सोडली. मुलगी चार पावलं चालली, थांबली, आईकडे एकदा वळून बघितलं आणि रस्त्याच्या बरोबर मधोमध उकिडवी बसली. तिथून मुंगळ्यांची रांग चालली होती.

दिवाळी अंकासाठी ‘दोन दिवसांची सुट्टी’ हा विषय ठरला, तेव्हा लहान मुलं असलेल्या घरांना ही सुट्टी नेमकी कशी पडते, ते बघायचं ठरलं. डोंबिवलीचं हे कुटुंब पाच जणांचं. आई-बाबा दोघंही नोकरी करणारे, मुलगी पहिलीत, मुलगा अडीच वर्षांचा आणि गुडघे धरलेली आजी. शनिवारी पहाटे निघून रविवारी रात्री परत यायचं. सोमवारी शाळा आणि ऑफिस. अशा घरांपुढे पर्याय पुष्कळ असतात. वॉटर पार्क आहे, फार्महाउस आहे, शनिवार-रविवारच्या गर्दीत अडकलेलं लोणावळा आहे. या घरानं माथेरान निवडलं, कारण आजी लग्नानंतर तिथे गेली होती आणि तिला एकदा परत जायचं होतं. मुलांसाठी म्हणून कुणी फार विचार केला नव्हता. तरीही ही जागा मुलांचीच निघाली.

नेरळ, घाट आणि एक पिशवी

कर्जतच्या लोकलनं डोंबिवलीहून नेरळ तासाभरावर. शनिवारी सकाळी डब्यात ट्रेकला निघालेल्या पोरांच्या पाठपिशव्या, कर्जतकडे माहेरी निघालेल्या बायका आणि अशी एक-दोन कुटुंबं. अडीच वर्षांच्या मुलाला आठवडाभर ‘छोट्या झुकझुक गाडी’चं आमिष दाखवलं होतं. नेरळला उतरल्यावर छोटे रूळ दिसले आणि त्यानं तिथेच बसकण मारली. पण पावसाळ्याचे महिने नेरळ ते अमन लॉज ही गाडी बंद असते. दरडी कोसळतात, रुळांखालची खडी वाहून जाते, म्हणून साधारण जून ते ऑक्टोबर हा टप्पा बंदच ठेवतात. वरची अमन लॉज ते माथेरान शटल तेवढी चालू असते. हे लेकराला आधीच सांगायला हवं होतं. मग नेरळच्या फलाटावर रडारड टळली असती.

गाडीचा मार्ग १९०४ ते १९०७ या काळात बांधला गेला. मुंबईचे बोहरा उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांनी त्यात १६ लाख रुपये घातले आणि त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन यानं तो उभा केला. रुळांमधलं अंतर दोन फूट. पहिलीतल्या मुलीनं एका उडीत ओलांडावं एवढंच. या अरुंदपणामुळेच गाडीला डोंगराच्या अंगानं घट्ट वळणं घेता येतात. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्टेशनं घेत, सुमारे २१ किलोमीटर फिरत ती वर येते. इतक्या चढावर दोन तासांहून अधिक वेळ लागतो. वाटेत एक इवलासा बोगदा आहे. तो पार व्हायला जेवढा वेळ लागतो, त्यावरून त्याला ‘वन किस टनेल’ म्हणतात.

डोंगरानं ही गाडी अनेकदा अडवली. २६ जुलै २००५ च्या पावसात मार्गाचा मोठा भाग उखडला आणि तो २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. २०१९ च्या पावसाळ्यानंतर नेरळपासूनची गाडी पुन्हा थांबली, ती ऑक्टोबर २०२२ मध्ये पूर्ववत झाली. दर वेळी ती दुरुस्त करून चालवली गेली, ही आनंदाची गोष्ट आहे. नफ्यातोट्याच्या हिशेबात अशी गाडी केव्हाच बसली नसती.

तर गाडी नाही म्हणून शेअर टॅक्सी. नेरळ स्टेशनबाहेर ती भरेपर्यंत थांबते आणि भरली की घाट चढायला लागते. रस्ता सात-आठ किलोमीटरचाच, पण चढ उभा आणि वळणं एकामागून एक. लहान मुलांना इथे हमखास गाडी लागते. आजीनं पर्समधून आवळासुपारी काढली, बाबांनी खिडकी उघडली, आईनं पिशवी धरली आणि तिसऱ्या वळणावर ती पिशवी कामाला आली. निघण्याआधी पोटभर दूध पाजू नये, हे घाटाखालच्या प्रत्येक आजीला माहीत असतं. घाईच्या सकाळी ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

पायांवर चालणारं गाव

दस्तुरी नाका म्हणजे मोटारींची शेवटची हद्द. पुढे रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी सोडली, तर इंजिनाचं खासगी वाहन जात नाही. केंद्र सरकारनं २००३ मध्ये माथेरान आणि परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केला आणि वाहनबंदीला भक्कम आधार मिळाला. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरचं, २०११ च्या जनगणनेत साडेचार हजारांच्या आत वस्ती असलेलं हे गाव आहे. तिथली गॅसची टाकी, दुधाचे कॅन, हॉटेलातल्या चादरी, विटा, वाळू, सगळं माणसांच्या किंवा घोड्या-खेचरांच्या पाठीवरून, नाहीतर हातगाड्यांवरून आत येतं.

दस्तुरीपासून बाजार अडीच-तीन किलोमीटरवर. इथे कुटुंबाची विभागणी झाली. आजी, बाबा आणि धाकटा अमन लॉजच्या खिडकीवर शटलच्या रांगेत उभे राहिले. तिकीट तिथेच, गाडी सुटायच्या थोडं आधी मिळतं आणि शनिवारी रांग मोठी असते. आई आणि मुलगी चालत निघाल्या. सामान हमालानं घेतलं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मोठी बॅग, तिच्यावर छोटी, आणि खांद्याला मुलांच्या खाऊची पिशवी. दराचा फलक नाक्यावर लावलेला असतो. तो आधी वाचला की पुढे घासाघीस उरत नाही, आणि ती उरूच नये.

रस्ता बराच काळ रुळांच्या सोबतीनं जातो. मोठी माणसं पाऊण तासात बाजार गाठतात. या मायलेकींना दोन तास लागले, आणि त्यातला एकही क्षण कंटाळ्याचा नव्हता. मुंगळे झाले, मग तांबड्या मातीत काडीनं रेघ ओढून झाली. मग घोड्याची लीद आली, तिला वळसा घालायचा की उडी मारायची, यावर चर्चा झाली. मग पिसांसारखी पानं असलेलं नेचं. तेवढ्यात शिट्टी झाली आणि मागून शटल आली. ती इतकी सावकाश जाते, की खिडकीतल्या भावाला आणि रस्त्यावरच्या बहिणीला एकमेकांकडे बघून हात हलवायला, ओरडायला, पुन्हा हात हलवायला पुरेसा वेळ मिळाला. धाकट्याची झुकझुक गाडी एकदाची मिळाली होती.

सहा वर्षांचं मूल शहरातल्या रस्त्यावर चालत नाही, त्याला नेलं जातं. त्याला थांबावंसं वाटलं, वाकावंसं वाटलं, उलटं फिरावंसं वाटलं, तर वरून ओढ बसते. पालकांचा त्यात दोष नाही. रस्त्यावर दुसरं काही करताच येत नाही. माथेरानमध्ये पहिल्या तासात फरक दिसतो तो मुलांपेक्षा मोठ्यांच्या अंगात. खांदे खाली येतात. ‘अगं इकडे ये’ हे वाक्य कमी होतं. मूल वीस पावलं पुढे जातं आणि आई तरीही चालत राहते.

दोन पॉइंट, एक शेकरू

माथेरानला अडतीसेक पॉइंट आहेत असं सांगितलं जातं. घोडेवाले एका फेरीत त्यातले सात-आठ दाखवतात. लहान मुलांसोबत दोनच बघावेत, आणि तेही एकमेकांच्या जवळचे. या कुटुंबानं रविवारी सकाळी शार्लट लेक आणि इको पॉइंट एवढंच केलं. दोन्ही एकाच बाजूला आहेत, वाट बऱ्यापैकी सपाट आहे आणि सावली दाट आहे.

त्या सावलीबद्दल थोडं सांगायला हवं. माथ्याचा भाग जांभ्या दगडाचा, पाऊस मुबलक, त्यामुळे जांभूळ, हिरडा, अंजनी अशा झाडांचं अर्धसदाहरित रान इथे टिकून आहे. माथ्यावरचं रान म्हणून माथेरान, अशी नावाची फोड केली जाते. मे १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावच्या बाजूनं वर चढला आणि त्यानं हे ठिकाण ‘शोधलं’, असं पुस्तकांत लिहितात. डोंगरावर आणि त्याच्या अंगाखांद्यावर धनगर, ठाकर, कातकरी तेव्हाही होते. रानाच्या वाटा त्यांच्याच पायांनी पडलेल्या होत्या. पॉइंटांना मात्र नावं पडली ती लुइसा, अलेक्झांडर, पॉर्क्युपाइन अशी. गावाचं ग्रामदैवत पिसरनाथ, आणि त्याचं मंदिर शार्लट लेकच्या काठालाच आहे. आजीला त्या तळ्यापेक्षा तिथे जायची ओढ अधिक होती.

शार्लट लेक हा बांध घालून अडवलेला पाणीसाठा आहे. गावाच्या पिण्याच्या पाण्याचा तो आधार राहिला आहे, त्यामुळे इथे पाण्यात उतरायचं नसतं. अडीच वर्षांच्या मुलाला पाणी दिसतं आणि त्यात जाता येत नाही, हे समजावणं अवघड. बाबांनी त्याला कडेवर घेतलं आणि तासभर तो कडेवरच राहिला.

इको पॉइंटलाही तेच. इथल्या बहुतेक पॉइंटांना सरळ तुटलेले कडे आहेत. काही ठिकाणी कठडे आहेत, काही ठिकाणी नुसती दगडांची ओळ, आणि पावसानंतर काठाची माती भुसभुशीत झालेली असते. रस्त्यावर सोडलेलं मनगट इथे पुन्हा धरावं लागतं. दरीच्या काठावर फोटोसाठी मुलांना दगडावर उभं करणारे पालक या सकाळीही दिसले. ते बघून छातीत धस्स झालं. मुलं कठड्यापासून चार हात लांब, मोठ्यांच्या हातात हवीत, इतकं तरी सर्वांनी पाळायला हवं.

मुलीनं दरीत तोंड करून आपलं नाव ओरडलं. नाव परत आलं. मग आजीचं नाव ओरडलं, तेही परत आलं. आजीला नावानं हाक मारणारं घरात आता कुणी उरलेलं नाही. ती ते ऐकून थोडी गप्प झाली आणि मग तिनं स्वतःही एकदा ओरडून बघितलं.

परतताना झाडाच्या शेंड्यावर काहीतरी हललं. तपकिरी-लालसर पाठ, पांढुरकं पोट, शरीराहून लांब झुपकेदार शेपूट. शेकरू, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. हा प्राणी जमिनीवर क्वचित उतरतो. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झेप घेत जगतो, म्हणून त्याला सलग जुळलेल्या फांद्यांचं रान लागतं. मधे रुंद रस्ता कापला की त्याची वाट तुटते. पहिलीतल्या मुलीला हे सांगितल्यावर तिनं मान वर करून फांद्या कुठून कुठे जुळल्यात, ते बोटानं रेघ काढत शोधलं. शाळेत यासाठी धडा लागला असता.

मुलांच्या मोकळेपणाचं ओझं

या सगळ्या मोकळेपणाचा भार कुणीतरी अंगावर घेतलेला असतो. आजीचा गुडघा रविवारी दुपारी बोलू लागला आणि हातरिक्षाचा विषय निघाला.

माथेरानची हातरिक्षा तीन माणसं चालवतात. एक पुढे दांड्यात, दोन मागे. चढावर मागचे दोघं रेटतात, उतारावर तेच मागे रेलून तिला रोखून धरतात. वाट तांबड्या चिखलाची, दगडांची, पावसात निसरडी. आत बसलेलं माणूस आणि त्याच्या मांडीवरचं मूल यांचं सगळं वजन सहा पायांवर असतं. गावात अशा ९४ रिक्षांना परवाने होते. दम लागणं, गुडघे जाणं, पाठ धरणं हे या धंद्याचे ठरलेले भोग. म्हणूनच या रिक्षाचालकांनी स्वतः न्यायालयात धाव घेतली आणि ई-रिक्षांची मागणी केली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनं प्रायोगिक तत्त्वावर काही ई-रिक्षा आल्या. पुढे वीस ई-रिक्षांची मर्यादा ठरली.

६ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठानं माणसानं माणसाला ओढण्याची ही पद्धत मानवी प्रतिष्ठेला धरून नाही, असं स्पष्ट सांगितलं आणि ती सहा महिन्यांत टप्प्याटप्प्यानं बंद करण्याचा आदेश दिला. सरकारनं ई-रिक्षा घेऊन त्या हातरिक्षा चालवणाऱ्यांनाच भाड्यानं द्याव्यात, गुजरातेत केवडियाला आहे तशी योजना करावी, असंही सांगितलं. पैसे नाहीत, ही सबब चालणार नाही, हेही बजावलं. १९८० मध्ये आझाद रिक्षा पुलर्सच्या खटल्यात याच न्यायालयानं सायकलरिक्षा चालवणाऱ्यांच्या बाजूनं निकाल दिला होता. तिथून इथवर यायला पंचेचाळीस वर्षं लागली.

ई-रिक्षेला गावातून विरोधही झाला. घोडेवाल्यांना पोटाची काळजी आहे, आणि ती खरी आहे. आज वीस आल्या, उद्या टॅक्सी येतील, ही भीती निसर्गप्रेमींना आहे, आणि तीही उगाच नाही. पेव्हर ब्लॉकचा वाद याचाच भाग. पावसात माती वाहून जाते, चढावर रिक्षा चालत नाही, म्हणून ब्लॉक हवेत, असं एका बाजूचं म्हणणं. ब्लॉकवर घोड्यांचे पाय घसरतात, पाणी मुरत नाही, असं दुसऱ्या बाजूचं. न्यायालयानं दस्तुरी नाका ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्याला ब्लॉकची मुभा ठेवली. आतल्या वाटा आणि पायवाटा मात्र मातीच्याच राहायच्या आहेत.

ही विभागणी योग्य वाटते. मुख्य वाटेवर आजारी माणूस, बाळंतीण, दूरच्या टोकाला राहणारी शाळकरी मुलं यांना चाकं मिळायला हवीत. गावातल्या मुलांना दप्तर घेऊन रोज हा चढउतार करावा लागत होता, हे पाहुण्यांच्या मुलांच्या कौतुकात विसरता कामा नये. ई-रिक्षा आल्यावर त्यांना सवलतीचं भाडं लागू झालं. आणि आतल्या वाटा पायांच्या राहायला हव्यात, कारण मुंगळ्यांच्या रांगेशेजारी उकिडवं बसायला आजूबाजूला दुसरी जागा उरलेली नाही.

आजी शेवटी हातरिक्षात बसली नाही. तिला बसवेना. ती ई-रिक्षेची वाट बघत बाजारातल्या पायरीवर अर्धा तास थांबली. तिच्या शेजारी एक हातरिक्षावाला दम खात बसला होता. दोघांचं गुडघ्यावर चोळायच्या तेलाबद्दल बराच वेळ बोलणं चाललं होतं.

माकडं, मोजे आणि रात्र

लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी प्रत्यक्ष पाहिलेल्या. माकडांची नजर खाऊवर असते. हातात बिस्किटाचा पुडा दिसला की ती झडप घालतात, आणि हात लहान असेल तर ओरखडाही उठतो. खाऊ पिशवीत, पिशवी पाठीवर, आणि खायचं ते खोलीत. त्यांना काही खायला द्यायचं नाही. त्यांची ही सवय माणसांनीच लावलेली आहे.

बाबागाडी नेऊ नये. तिची छोटी चाकं दस्तुरीपासून शंभर पावलांत मातीत रुततात, आणि मग बाळ एका हातात आणि गाडी दुसऱ्या हातात अशी वरात निघते. बाळाला अंगाशी बांधायची झोळी असली तर दोन्ही हात मोकळे राहतात. पांढरे मोजे नकोत. जांभ्याची माती कपड्यात शिरली की निघत नाही. बुटांचा दुसरा जोड हवा. तापाचं औषध सोबत हवं, कारण गावात नगरपरिषदेचं रुग्णालय आहे, पण रात्री खोलीतून तिथवर जायचं तर पायांवरच.

आणि टॉर्च हवा. शनिवारी रात्री जेवून परतताना वाटेवर दिवे विरळ होते. मोबाइलच्या उजेडात पाचही जण एका ओळीत चालले. धाकटा बाबांच्या कडेवर झोपला होता, मुलगी आजीचं बोट धरून होती. कुठे कसला आवाज नव्हता म्हणावं, तर रातकिडे इतके मोठ्यानं ओरडत होते, की मुलीनं विचारलं, हे बंद कुठून करायचं.

अमन लॉज

रविवारी चारच्या सुमाराला शटलला पुन्हा रांग. बाजारातून चिक्की घेऊन झाली होती, मुलीनं वेताची छोटी काठी घेतली होती आणि ती कुणाला हात लावू देत नव्हती. या वेळी सगळे गाडीतून निघाले. डबा इतका चिंचोळा, की समोरासमोर बसलेल्यांचे गुडघे लागतात. खिडकीबाहेर तोच तांबडा रस्ता मागे पडत होता. त्यावरून शनिवारी सामान नेणारा हमाल दोन बॅगा डोक्यावर घेऊन चालला होता. मुलीनं त्याला ओळखलं आणि काठी हलवली. मान हलवता येत नव्हती, म्हणून त्यानं हात वर केला.

अमन लॉजला उतरून पाच मिनिटं चाललं, की दस्तुरी. मुलगी रस्त्याच्या मधोमध, काठी जमिनीवर ओढत, रेघ काढत पुढे. वळणावर वाहनतळ दिसला. मागे घेत असलेल्या एका टॅक्सीनं हॉर्न दिला, आणि आईचा हात मुलीच्या मनगटावर गेला.